अपस्मार आणि विषाद : एका 'म्हणून'चा इतिहास

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानाचं. गोळी कोणती घ्यावी, किती घ्यावी, हे माझ्याकडून ऐकू नका. मी आयुष्यभर वाशीम जिल्ह्यातल्या पोरांना तर्कशास्त्र शिकवलं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला एक खोड लागते, लोकांच्या बोलण्यातले छोटे छोटे शब्द पकडायची. आज मी असाच एक शब्द पकडून आणलाय : 'म्हणून'.

आपल्याकडे एखाद्या घरात मुलाला फिट येत असतील, कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं म्हणतं, पुस्तकात अपस्मार म्हणतात, आणि तो मुलगा गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, घराबाहेर पडत नसेल, तर शेजारीपाजारी म्हणतात, "त्याले मिरगी येते, म्हणून तो उदास राह्यते." ऐकायला किती सरळ आहे! चारचौघांत पडायची भीती, नोकरी नाही, लग्न जमत नाही. माणूस उदास होणार नाही तर काय? या वाक्यात चूक शोधायला गेलं तर आपणच निर्दय वाटतो.

पण या 'म्हणून'च्या पोटात दोन विधानं दडलेली आहेत. पहिलं, फिट हे कारण आणि उदासी हे कार्य. दुसरं, ही उदासी साहजिक आहे, तेव्हा तिच्यासाठी वेगळं काही करायचं कारण नाही. खरा घात या दुसऱ्या विधानात आहे. जे दुःख साहजिक ठरलं त्याच्यावर कुणी इलाज करत नाही. जगात अपस्माराचे सुमारे पाच कोटी रुग्ण आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१३ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना नैराश्याचा आजार असल्याचं दिसलं. म्हणजे जवळजवळ चारांत एक. आणि डेन्मार्कमधल्या २००७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात अपस्मार असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या तिप्पट आढळला. निदान झाल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत धोक्याचे. तेव्हा हा 'म्हणून' नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आज मी या 'म्हणून'चा इतिहास सांगणार आहे. तो वाटतो तेवढा जुना नाही. त्याच्याआधी माणसं या दोन आजारांबद्दल वेगळं बोलत होती.

आपल्याच घरापासून सुरुवात करू. चरकसंहितेच्या निदानस्थानात सातवा अध्याय उन्मादाचा आणि आठवा अपस्माराचा. चिकित्सास्थानात पुन्हा तेच, नववा उन्माद, दहावा अपस्मार. दोन्ही ठिकाणी शेजारी शेजारी. 'अपस्मार' या शब्दातच 'स्मृती' आहे : स्मृती निघून जाणं, अंधारात शिरणं. चरक या आजाराचे वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोषांचा असे चार प्रकार सांगतो, म्हणजे त्याला शरीराच्या हिशेबात बसवतो. आणि त्याच दमात चिंता, भय, क्रोध, शोक, उद्वेग यांनी ग्रासलेल्या मनालाही कारणांत जागा देतो. विषाद हा शब्दही चरकाकडे आहे. वाताच्या ८० विकारांच्या यादीत तो येतो. आणि दुसऱ्या एका ठिकाणी, कोणत्या गोष्टीत कोण श्रेष्ठ अशी मोठी यादी आहे, तिथे रोग वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टींत चरकानं पहिला मान विषादाला दिलाय. चरकाचा विषाद म्हणजे आजचं डिप्रेशन तंतोतंत, असं मी म्हणणार नाही. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणण्यात मला रस नाही. माझा मुद्दा लहान आहे : विषाद हा रोगाच्या मागून रडत येणारा पाहुणा आहे असं चरक समजत नव्हता. तो रोगाला वाढवतो, असं त्याचं म्हणणं होतं.

नटराजाची मूर्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. शिवाच्या पायाखाली एक बुटका पडलेला असतो. त्याचं नाव अपस्मारपुरुष. तो अज्ञानाचं, विस्मृतीचं रूप मानला जातो. शिव त्याला ठार मारत नाही, पायाखाली दाबून ठेवतो. जुनाट आजारासोबत जगणाऱ्या माणसाला ही मूर्ती मी समजावून सांगितली, की तो हसतो. गोळी रोज घ्यायची म्हणजे पाय रोज ठेवायचा, एवढं त्याला लगेच कळतं.

आता ग्रीसमध्ये जाऊ. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या काळातले हिपोक्रेटिसच्या नावावर असलेले ग्रंथ आहेत. तिथे लोक अपस्माराला 'पवित्र रोग' म्हणत, म्हणजे देवानं आणलेला. त्या वैद्यानं स्पष्ट लिहिलं, की हा इतर रोगांपेक्षा जास्त पवित्रबिवित्र काही नाही, याचं मूळ मेंदूत आहे. त्याच ग्रंथसंग्रहात आणखी एक निरीक्षण आहे. विषादी माणसं पुष्कळदा अपस्मारी होतात आणि अपस्मारी माणसं विषादी होतात. रोगाचा रोख शरीराकडे वळला तर अपस्मार, बुद्धीकडे वळला तर विषाद. लक्षात घ्या, हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. इथे आपला 'म्हणून' नाही. इथे एकाच मुळाला फुटलेल्या दोन फांद्या आहेत.

मग ही जोडी फुटली कधी? एकोणिसाव्या शतकात. आणि फुटली ती चांगल्या कारणासाठी. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइड अपस्मारावर वापरल्याचं सांगितलं. फिट कमी करणारं पहिलं परिणामकारक औषध ते. पुढे ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींचा अचानक, बेसुमार विद्युत-स्राव अशी मांडणी केली. १९२९ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. तोच आजचा ईईजी. फिट कागदावर दिसायला लागली. अपस्मार भूतबाधेतून सुटला आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या ताब्यात आला. विषाद मात्र कागदावर दिसत नव्हता. तो मनाच्या डॉक्टरांकडे राहिला. एका माणसाच्या दोन फायली झाल्या, दोन खिडक्यांवर. आणि दोन फायली झाल्या की त्यांना जोडायला दोरा लागतो. तो दोरा म्हणजे आपला 'म्हणून'.

आपल्याकडे काय चाललं होतं? इंग्रजांच्या काळात वेड्यांची इस्पितळं निघाली. नागपूरचं १८६४ चं. तिथे अपस्माराचे रुग्णही वेड्यांच्या नोंदवहीत जात. म्हणजे दोन आजार एकत्र ठेवले गेले, पण उपचारासाठी नाही, कोंडण्यासाठी. १९१२ या सालाकडे बघा. जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटल हे औषध अपस्मारावर लागू पडतं असं दाखवलं. त्याच वर्षी हिंदुस्थानात वेड्यांबद्दलचा कायदा आला, इंडियन लुनसी अॅक्ट. तिकडे गोळी आणि इकडे कुलूप, साल एकच. ती फिनोबार्बिटलची गोळी आपल्या खेड्यापाड्यांत 'गार्डिनल' नावानं ओळखीची आहे. स्वस्त आहे, तिनं असंख्य लोकांच्या फिट थांबवल्या. पण तीच गोळी काही रुग्णांचं मन खाली ओढते, हेही आता माहीत झालंय. म्हणजे उदासीचं एक मूळ कधी कधी औषधाच्या डबीत असतं. गोळी बंद करा असं मी अजिबात सांगत नाही. अपस्माराची गोळी मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. पण "गोळी सुरू झाल्यापासून मन लागत नाही" हे डॉक्टरला सांगायला हवं, कारण गोळ्या बदलता येतात. अपस्मारावरच्या लॅमोट्रिजिनसारख्या काही औषधांचा उपयोग मनाचा तोल सांभाळायलाही होतो.

कुलपाची गोष्ट स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. १९७६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींत एक कलम आलं : वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येत असतील तर ती व्यक्ती लग्नाला पात्र नाही. 'वेड किंवा अपस्मार', एका श्वासात. मेंदूचे डॉक्टर सांगून थकले, की बाबांनो, हा मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात. भारतीय एपिलेप्सी असोसिएशननं पाठपुरावा केला. शेवटी १९९९ च्या डिसेंबरात दुरुस्ती होऊन 'किंवा अपस्मार' हे शब्द निघाले. तेवीस वर्षं दोन शब्द कायद्यात होते. त्या काळात किती घरांनी मुलीची गोळी तांदळाच्या डब्यात लपवली असेल! पुढे पुण्याच्या यशोदा वाकणकर यांच्यासारख्या व्यक्तीनं स्वतःच्या अपस्माराबद्दल मराठीत उघडपणे लिहिलं, रुग्णांचा स्वमदत गट चालवला. याचं मोल डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा कमी नाही.

आता इतिहासातला एक चमत्कारिक फाटा सांगतो, कारण तो 'म्हणून'ला पहिला धक्का देतो. १९३४ साली बुडापेस्टमध्ये लादिस्लास मेदुना नावाच्या डॉक्टरांनी एका मानसिक रुग्णाला कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम फिट आणली. त्यांचा समज असा, की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत, एक आला की दुसरा जातो. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तेच काम विजेनं केलं. आपण ज्याला 'शॉक' म्हणतो तो हा. मेदुनांचा सिद्धांत टिकला नाही. पण अनुभवानं असं दिसलं, की हा उपचार सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो तीव्र नैराश्यात.

थांबा आणि विचार करा. फिट आल्यानं माणूस उदास होतो असं आपण म्हणतो. इथे फिट आणल्यानं उदासी जाते! मग कारण कुठे गेलं? एक उत्तर असं देतात : फिट आली की मेंदू तिला आवरण्यासाठी आपले ब्रेक जोरात दाबतो. उपचाराच्या फेऱ्या वाढत जातात तशी पुढची फिट आणायला जास्त वीज लागते, म्हणजे ब्रेक घट्ट होत जातात. कदाचित औषध फिटमध्ये नाही, त्या ब्रेकमध्ये आहे. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. पण मनाची उभारी आणि फिटचा ब्रेक एकाच यंत्रणेत कुठेतरी आहेत, ही शंका इथून बळावली. आजचा शॉक भूल देऊन देतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भुलीशिवाय तो देण्यावर बंदी घातली आहे. सिनेमात दाखवतात तसलं काही डोक्यात ठेवू नका.

दुसरा धक्का आपल्या मुंबईतून बसला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे जुनी. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाब आणि वेडाच्या झटक्यांवरचा उपयोग छापून मांडला. १९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात सर्पगंधेवरचा लेख प्रसिद्ध केला, आणि रक्तदाबाचं औषध म्हणून ती जगभर गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांबद्दल डॉक्टरांनी लिहिलं, की ते खिन्न होतात. का? १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. नॉरअॅड्रेनालिनचंही तेच. ही मेंदूच्या पेशींनी एकमेकींना पाठवायची निरोपाची रसायनं. आणि त्याच काळात प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळलं, की रिसर्पिन दिलेल्या प्राण्याला फिट लवकर येते. एकाच मुळीनं दोन दारं उघडून दाखवली. उलट बाजूनं, क्षयरोगाच्या इप्रोनियाझिड या औषधानं १९५२ साली न्यूयॉर्कमधले रुग्ण उल्हसित झाले. ते औषध ही रसायनं मोडू देत नाही. यातून 'सेरोटोनिन कमी पडलं की नैराश्य' हा सिद्धांत निघाला. तो फार सोपा होता. रिसर्पिननं खरोखर किती लोकांना नैराश्य येतं यावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. आज कुणी जाणता माणूस नैराश्य म्हणजे एका रसायनाची टंचाई असं म्हणणार नाही. पण प्रश्नाची दिशा बदलली ती बदललीच.

यानंतर जे सापडत गेलं ते थोडक्यात सांगतो. मेंदूत कानाच्या बाजूला, आतल्या अंगाला, हिपोकॅम्पस नावाचा भाग आहे. आकार समुद्रघोड्यासारखा, काम आठवणी जपण्याचं. १८८० साली जर्मनीच्या विल्हेल्म सोमर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत या भागातल्या पेशी मेलेल्या असतात असं नोंदवलं. १९९६ साली अमेरिकेत य्वेट शेलाइन यांनी जिवंत माणसांच्या एमआरआयमध्ये दाखवलं, की वारंवार नैराश्य येऊन गेलेल्यांचा हाच भाग लहान असतो, आणि नैराश्याचे दिवस जितके जास्त तितका तो लहान. दोन निरीक्षणांत ११६ वर्षांचं अंतर, जागा तीच. दीर्घ ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि या भागाला जाचतं. नैराश्याच्या अनेक रुग्णांत ही ताणाची यंत्रणा बिघडलेली असते, आणि अपस्मारातही. सेरोटोनिनचा निरोप घेणारी पेशीवरची एक विशिष्ट कडी नैराश्यातही कमी आढळते आणि मेंदूच्या त्या भागातून उठणाऱ्या अपस्मारातही. जन्मतःच फिट येणाऱ्या उंदरांची एक जात प्रयोगशाळेत वाढवली आहे. त्यांच्या मेंदूत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या दोन्हींची वाण असते, आणि नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन दिलं की त्यांच्या फिट कमी होतात.

तरी माझ्यासारख्या तर्कवाल्याला खरं पटलं ते दुसऱ्याच पुराव्यानं. आपल्या न्यायदर्शनात कारणाची पहिली अट काय? ते कार्याच्या आधी असलं पाहिजे, पूर्ववर्ती असलं पाहिजे. बी आधी, रोप मागून. आता ऐका. १९९० साली स्वीडनमध्ये ज्यांना नव्यानं फिट सुरू झाल्या अशा प्रौढांचा पूर्वेतिहास पाहिला. फिट सुरू होण्याआधीच नैराश्य येऊन गेलेल्यांचं प्रमाण इतरांच्या सुमारे सातपट होतं. २००० साली अमेरिकेत डेल हेसडॉर्फर यांनी ५५ वर्षांवरच्या लोकांत पाहिलं : आधी तीव्र नैराश्य असलेल्यांत पुढे फिट येण्याची शक्यता सुमारे ३.७ पट. २००६ साली त्यांनीच आइसलँडमध्ये दहा वर्षांवरच्या सगळ्या वयांत पाहिलं. पट कमी निघाली, १.७, पण दिशा तीच.

म्हणजे उदासी आधी आणि फिट मागून, असंही घडतं. जी फिट अजून आलेलीच नाही, ती आधीच्या उदासीचं कारण कशी होईल? एवढ्यानं 'फिट येते म्हणूनच उदास' हे वाक्य पडतं. मात्र घाईनं उलटा 'म्हणून' लावू नका, की उदास राहिलं तर मिरगी येते. नैराश्य असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही फिट येत नाही. पूर्ववर्ती असणं ही कारणाची एक अट आहे, सगळी व्याख्या नाही. नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे : कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, मडक्याच्या आधी ते हजर असतं, पण ते मडक्याचं कारण नाही. इथे जास्त संभवतं ते असं, की दोन्ही आजारांच्या खाली एक समाईक जमीन आहे. कुणाच्या शेतात आधी हे पीक उगवतं, कुणाच्या शेतात आधी ते, आणि एक उगवलं की दुसऱ्याला ओल मिळते.

मग बेकारी, हेटाळणी, मोडलेलं लग्न, हे कुंभाराचं गाढव झालं का? मुळीच नाही. तीही खरी कारणं आहेत. मडक्याला माती लागते आणि कुंभारही लागतो. एकाला समवायी कारण म्हणतात, दुसऱ्याला निमित्त. चुकतं कुठे? निमित्त सापडलं की आपण माती तपासायची सोडून देतो.

माझा एक विद्यार्थी होता. तर्कशास्त्रात वर्गात पहिला. त्याला फिट येत. गोळी लागू पडली, दोन वर्षं एकही फिट नाही. घरचे खूश. पण पोरगं खाटेवरून उठेना, पुस्तक उघडेना. घरचे म्हणत, "आता तं फिट बी येत नाही, मंग याले झालं काय?" त्यांच्या 'म्हणून'च्या हिशेबात फिट गेली की उदासी जायला हवी होती. ती गेली नाही, तेव्हा त्यांनी त्याला आळशी ठरवलं. पुढे मनाच्या डॉक्टरकडे वेगळा इलाज झाला, आणि तो हळूहळू उठला. आज तो शिक्षक आहे. त्या घरात माया कमी नव्हती. फक्त कारणाचा हिशेब चुकीचा होता.

हे मी वाशीमला बसून का बोलतोय, तेही सांगतो. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. बरोबर आठ वर्षांनी, १ जुलै २००६ ला, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, शेतकरी आत्महत्यांमुळे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि वाशीम. तेव्हापासून आपल्याकडे आणखी एक 'म्हणून' रोज छापून येतो : कर्ज होतं, म्हणून. कर्ज खरं आहे, सोयाबीनचा भाव खरा आहे, त्यांची उत्तरं सरकारनं दिलीच पाहिजेत. मेंदूचं नाव पुढे करून त्यांतून कुणाची सुटका करू नये. पण त्याच घरात कुणी महिनोन् महिने झोपला नव्हता, जेवला नव्हता, आणि त्याला बरं करता आलं असतं, हेही तितकंच खरं. २०१५ साली राज्य सरकारनं १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. शेजारच्या अमरावतीतल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन विचारलं, समजावलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विचारलं की लोक सांगतात, एवढा त्याचा अर्थ.

मग ज्या घरात अपस्मार आहे तिथे काय करायचं? फिटची वही ठेवता ना, किती तारखेला आली, किती वेळ राहिली? त्याच वहीत मनाचाही रकाना आखा. झोप लागते का, कशात रस वाटतो का, जगणं ओझं वाटतं का. अपस्माराच्या रुग्णांतलं नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टरांकडे सहा प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची. पाच मिनिटं लागत नाहीत. "डॉक्टरसाहेब, फिटचं विचारलं, आता मनाचंही विचारा," असं म्हणायला लाजू नका. पुष्कळांना भीती असते, की उदासीची गोळी घेतली तर फिट वाढतील. क्लोमिप्रामिन किंवा बुप्रोपिऑनसारख्या काही औषधांबाबत सावधगिरी लागते, हे खरं. पण २००७ साली अमेरिकेत औषध-चाचण्यांची जुनी माहिती एकत्र तपासली, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांत खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बहुतेक नव्या नैराश्यविरोधी गोळ्या घेणाऱ्यांना फिट कमी आल्याचं दिसलं. तेव्हा निर्णय डॉक्टरवर सोडा, भीतीवर नाही.

आणि एक अगदी आपल्या भागातली गोष्ट. फवारणीचं औषध घरात, खाटेखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आत्महत्येचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर जीव जगणं-मरणं ठरतं. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. आत्ता कागदावर लिहून घ्या.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं हे आपल्याकडे बऱ्यापैकी कमी झालंय, अजून कमी व्हायला हवं. देवळात जायचं तर जा, मी कुणाला अडवत नाही; फक्त गोळी खिशात ठेवून जा. माझी विनंती एवढीच आहे. उद्या शेजारच्या घरातल्या पोराबद्दल कुणी म्हणालं, "फिट येते म्हणून उदास राह्यते," तर त्याला विचारा, या उदासीवर इलाज कोण करतंय? उत्तर आलं नाही, तर त्या पोराला घेऊन जिल्हा रुग्णालयात जायला सोबत व्हा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. वैद्यकीय प्रश्नांना मी 'डॉक्टरला विचारा' असंच उत्तर देणार आहे, बाकीचे खुशाल विचारा.